२२१/३२३ : एका न सुटलेल्या अपूर्णांकाचा अभ्यास

प्रश्न एका ओळीचा होता : २२१/३२३ या अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या. सहावीतल्या एका मुलाने त्याखाली अर्धं पान भरून आकडेमोड केली आणि शेवटी लिहिलं, ‘२२१ मूळ संख्या आहे. ३२३ मूळ संख्या आहे. म्हणून मसावि १. अपूर्णांक आधीच अतिसंक्षिप्त आहे.’ योग्य उत्तर १३/१९. तपासणाऱ्याने फुली मारून शून्य गुण दिले आणि शेजारी शेरा लिहिला : पाढे पक्के करा.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या शेऱ्यामुळे. मुलाचे पाढे पक्केच होते, तिसापर्यंत. आणि समजा त्याने ते पन्नासापर्यंत पाठ केले असते, तरी हे गणित सुटलं नसतं. २२१ म्हणजे १३ × १७. तेराचा पाढा एकशे तीसवर थांबतो, सतराचा एकशे सत्तरवर. पाढा दहापटीपर्यंतच म्हटला जातो. त्यामुळे ज्या संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव दहापेक्षा मोठा आहे, ती स्वतःच्या पाढ्याची पहिली ओळ सोडली तर कुठल्याच पाढ्यात येत नाही. ३२३, म्हणजे १७ × १९, तशीच. घोकंपट्टीच्या जाळ्यातून नेमक्या निसटणाऱ्या दोन संख्या या प्रश्नात शेजारी शेजारी बसल्या होत्या.

पानावर काय होतं

उत्तराकडे न पाहता आधी वरची आकडेमोड वाचली, तर बरंच कळतं. २२१ खाली त्याने २ ते ११ पर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग जातो का ते क्रमाने पाहिलं होतं : २ ने नाही, ३ ने नाही, ४ ने नाही, आणि असंच ११ पर्यंत. ३ साठी अंकांची बेरीज केलेली, ७ साठी प्रत्यक्ष भागाकार, बाकी ४. ११ ने भागून बाकी १. ३२३ खाली तोच क्रम. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ४. एकही भागाकार चुकलेला नव्हता.

तर्कही चुकलेला नव्हता. दोन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा मसावि १ असतो, हे खरं आहे, आणि मसावि १ असेल तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतो, हेही खरं आहे. म्हणजे पायऱ्या बरोबर, आकडेमोड बरोबर, फक्त पहिली दोन विधानं चूक. शून्य गुणांनी हे काहीच सांगितलं नाही.

व्याख्या माहीत नसेल, ही पहिली शंका. विचारल्यावर त्याने लगेच सांगितलं : जिला १ आणि ती स्वतः एवढे दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या. ‘मग १ मूळ आहे का?’ ‘नाही सर, तिला एकच विभाजक आहे.’ हेही चोख. मग त्याच्यापुढे एकेक करून काही संख्या ठेवल्या. ९१? सात तेरे एक्क्याण्णव, संयुक्त. ९७? मूळ. १४३? ११ ने भागून पाहिलं, १३ आले, संयुक्त. १६७? मूळ. १६९? ‘तो तेराचा वर्ग आहे.’ १७३? २ ते ११ ने भागून पाहिलं आणि म्हणाला, मूळ.

सगळी उत्तरं बरोबर. मग विचारलं, ‘१७३ ला १३ ने भागून का नाही पाहिलंस?’

‘अकरापर्यंत पाहिलं की पुरतं ना, सर.’

प्रकरणाचं मर्म या एका वाक्यात आहे. १७३ मूळच आहे, पण त्याच्याकडे ते म्हणण्याचं पुरेसं कारण नव्हतं. १३ ने भागून बाकी ४ येते हे त्याने पाहिलंच नव्हतं. असं बरोबर आलेलं उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त त्रासदायक असतं, कारण त्यावर बरोबरची खूण होते आणि पुढचं पान उलटलं जातं.

‘अकरापर्यंत’ कुठून आलं

कोणी त्याला हा नियम शिकवला नव्हता. तो त्याने स्वतः बनवला होता, आणि ज्या संख्यांवर बनवला त्यांच्यासाठी तो शंभर टक्के खरा होता. शाळेत मूळ संख्यांची ओळख १ ते १०० च्या तक्त्यावर होते. इराटोस्थेनिसच्या चाळणीने २, ३, ५ आणि ७ च्या पटी खोडल्या की शंभराच्या आत उरतात त्या सगळ्या मूळ संख्या, एकूण २५. चौकोनी तक्त्यात ७ नंतर ११ च्या पटी खोडायला गेलं तर सगळ्या आधीच खोडलेल्या दिसतात. मुलं हे पाहतात आणि मनात एक नोंद होते : इथे काम संपलं. का संपलं, हे विचारायला कोणी थांबत नाही. या मुलाने तर सावधगिरी म्हणून ११ पण धरला होता.

११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासणं १६८ पर्यंत अचूक चालतं. १६९ ही पहिली संयुक्त संख्या, जी २, ३, ५, ७, ११ या पाचही चाळण्यांतून निसटते. त्यापुढे ३०० च्या आत अशा संख्या किती? चारच : २२१, २४७, २८९ आणि २९९. यातली २८९ त्याला सतराचा वर्ग म्हणून ठाऊक होती, १६९ तशीच. म्हणजे ३०० पर्यंत त्याला फसवू शकतील अशा संख्या फक्त तीन. ३०० च्या आत खऱ्या मूळ संख्या ६२ आहेत. बासष्ट वेळा बरोबर आणि तीन वेळा चूक, असा नियम कोणत्याही परीक्षेत सहज टिकतो, आणि तो वापरणाऱ्याला त्याच्याविषयी शंका यायचं काही कारण नसतं.

म्हणून याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. हा त्याचा स्वतःचा शोध होता, फक्त त्याच्या हद्दीबाहेर वापरलेला. अशा मुलाला ‘२२१ ला १३ ने पण भाग लावून बघ’ एवढंच सांगितलं, तर तो ‘अकरापर्यंत’ खोडून ‘तेरापर्यंत’ लिहील आणि ३२३ वर पुन्हा अडकेल. कारण तिथे १३ नेही भाग जात नाही, बाकी ११ येते. ‘सतरापर्यंत’ करून ठेवला तर ४३७ वर अडकेल, ती १९ × २३ आहे. त्याच्याकडे नव्हती ती थांबण्याची जागा ठरवण्याची रीत, आणि ती का चालते याचं कारण.

पानावरची आणखी एक गोष्ट याच दुखण्याची होती. ३ ने भाग जात नाही हे पाहिल्यावर त्याने ६ ने आणि ९ ने पुन्हा तपासलं होतं. २ ने जात नाही म्हटल्यावर ४, ८ आणि १० ने. ९ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या ३ ने जातेच, तेव्हा ३ ने नाही म्हटलं की ९ चा प्रश्न संपतो. त्याच्या डोक्यात विभाजक म्हणजे एकेक करून विचारायची यादी होती. एका विभाजकाचा दुसऱ्याशी काही संबंध असतो हे त्याच्या कामात कुठे दिसत नव्हतं. जास्तीचं काम तो करत होता आणि गरजेचं राहून जात होतं, आणि दोन्हींचं कारण एकच.

जोड्या उलटतात ती जागा

पुढच्या बैठकीत २२१ बाजूला ठेवून ३६ घेतली. ‘३६ चे विभाजक जोड्यांनी लिही.’ त्याने लिहिलं :

१ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६, ९ × ४, १२ × ३…

आणि मध्येच थांबला. ‘सर, पुन्हा तेच येतंय.’

‘कुठून?’

‘सहाच्या पुढे.’

मग १०० घेतली, ती दहावर उलटली. ४८ घेतली, तिथे ६ × ८ नंतर लगेच ८ × ६ आली, मधे ७ ला जोडीदारच नाही. त्याला सांगितलं की ४८ कोणाचा वर्ग नाही, तर उलटण्याची जागा कुठे आहे ते शोध. थोडा वेळ घेऊन म्हणाला, ‘सहा आणि सातच्या मधे. कारण सात साती एकोणपन्नास, ते अठ्ठेचाळीसच्या पुढे गेलं.’ वर्गमूळ हा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता. त्याची गरजही नव्हती.

आता २२१. वर्गांची यादी त्याला तोंडपाठ : चौदाचा वर्ग १९६, पंधराचा २२५. प्रश्न असा ठेवला : २२१ दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर दोन्ही संख्या १५ किंवा त्याहून मोठ्या असू शकतील का? नाही, मग गुणाकार निदान २२५ झाला असता. म्हणजे दोघांपैकी एक तरी १४ किंवा त्याहून लहान असलीच पाहिजे. आणि १४ च्या आत मूळ संख्या २, ३, ५, ७, ११, १३. पाच झाल्या होत्या, एक राहिली होती. त्याने १३ ने भागलं, १७ आले, आणि तो थोडा चिडलाच. एकाच भागाकाराने हुकलं होतं.

लगेच त्याने एक आक्षेप घेतला, आणि तो घेतला नसता तर मला काळजी वाटली असती. ‘पण सर, २०६ ला १०३ ने भाग जातो. १०३ तर चौदापेक्षा केवढा मोठा. तो आपण पाहतच नाही.’

पाहायची गरज नाही, कारण १०३ चा जोडीदार २ आहे आणि तो आपण सर्वांत आधी पाहतो. मोठा विभाजक एकटा कधीच नसतो. त्याच्याबरोबर लहान असतोच, आणि लहान सापडला की मोठा भागाकारात आपोआप हातात येतो. आपण लहानांकडे पाहून मोठ्यांचा निकाल लावत असतो. हे त्याला स्वतःच्या वाक्यात सांगायला लावलं. पहिल्या खेपेला तो म्हणाला, ‘अर्ध्यापर्यंत पाहायचं.’ ही दुसरी नेहमीची गफलत. संख्येच्या निम्म्यापर्यंत पाहणं चूक नाही, पण २२१ साठी ते ११० पर्यंत जाणं आहे. जोड्यांची यादी निम्मी होते हे खरं; पण ती निम्मी होते तेव्हा आपण संख्येच्या निम्म्यावर पोहोचलेलो नसतो. ३६ च्या यादीकडे परत पाठवल्यावर त्याचं त्याला दिसलं : उलटण्याची जागा ६, निम्मे १८.

३२३ त्याने एकट्याने सोडवली. सतराचा वर्ग २८९, अठराचा ३२४, म्हणून १७ पर्यंत पाहायचं. १३ ने नाही, १७ ने बरोबर १९. अपूर्णांक १३/१९.

इथे एक आडवाट निघाली. ३२३ ही ३२४ पेक्षा एकनेच कमी आहे, हे त्याने बोलून दाखवलं. मी फक्त ३२४ च्या जागी १८ × १८ लिहिलं आणि १ च्या जागी १ × १. अठराचा वर्ग वजा एकाचा वर्ग म्हणजे (१८ − १) × (१८ + १), म्हणजे १७ × १९. त्याने लगेच २२१ तपासली : २२५ वजा ४, पंधराचा वर्ग वजा दोनाचा वर्ग, १३ × १७. मग २९९ : ३२४ वजा २५, म्हणजे १३ × २३. वर्गांतल्या फरकाचं हे सूत्र त्याला शाळेत दोनेक वर्षांनी भेटेल, पण आकड्यांत ते आत्ताही समजतं.

ही रीत सतराव्या शतकातल्या पिएर द फर्माची. १६४३ च्या सुमाराच्या एका पत्रात त्याने २०२७६५१२८१ ही संख्या अशीच फोडून दाखवली : ४५०४१ चा वर्ग वजा १०२० चा वर्ग, म्हणून ४४०२१ × ४६०६१. ४५०३० पासून एकेक वर्ग घेत गेलं तर बाराव्या खेपेला उत्तर येतं. लहान मूळ संख्यांनी क्रमाने भागत बसलं असतं तर ४४०२१ पर्यंत जाताना हजारो भागाकार झाले असते. मुलाला ही रीत इतकी आवडली की तो सगळ्यालाच ती लावायला लागला, तेव्हा त्याला १०१ दिली. ११ चा वर्ग, १२ चा वर्ग, १३ चा… शेवटी ५१ चा वर्ग वजा ५० चा वर्ग, म्हणजे १ × १०१. दोन अवयव जवळजवळ असले की ही रीत झटपट, आणि संख्या मूळ असली की सर्वांत संथ. १०१ साठी २, ३, ५, ७ एवढे चार भागाकार पुरतात.

एकच उत्तर का येतं

अपूर्णांक सुटला होता. पण त्या पानावर नसलेला एक प्रश्न त्याने नंतर विचारला, आणि तो मूळ प्रश्नापेक्षा खोल होता. ३६० चे मूळ अवयव त्याने दोन प्रकारे पाडले होते : एकदा ३६ × १० पासून सुरुवात करून, एकदा ८ × ४५ पासून. दोन्हीकडून शेवटी २ × २ × २ × ३ × ३ × ५ च आलं. ‘हे नेहमीच असं येतं का, सर? की या संख्येलाच?’

पाठ्यपुस्तकं हे गृहीत धरून पुढे जातात. युक्लिडने याचा पाया सुमारे इ. स. पू. ३०० मध्ये घातला : मूळ संख्येने एखाद्या गुणाकाराला निःशेष भाग जात असेल, तर गुणलेल्या संख्यांपैकी एकीला तरी तिने भाग जातोच. पण ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव, क्रम सोडला तर, एकाच प्रकारे पडतात’ हे विधान सुटं, स्पष्ट मांडून सिद्ध केलं ते गाउसने, १८०१ मध्ये. मधली दोन हजार वर्षं लोक ते वापरतच होते.

सहावीत सिद्धता शक्य नाही, पण हे आपोआप घडत नाही एवढं दाखवता येतं. त्याला म्हटलं, समज विषम संख्या अस्तित्वातच नाहीत. फक्त २, ४, ६, ८, १०… एवढ्याच आहेत. दोन सम संख्यांचा गुणाकार म्हणून जी लिहिता येत नाही, ती या जगातली ‘मूळ’. मग २ मूळ, ४ नाही, ६ मूळ (२ × ३ चालणार नाही, ३ नाहीच), १० मूळ, १८ मूळ. आता ३६ चे अवयव पाड. त्याने ६ × ६ लिहिलं. मग जरा थांबून २ × १८. दोन्ही ओळींत सगळे ‘मूळ’, आणि ओळी वेगळ्या. युक्लिडचं ते वाक्यही इथे कोसळतं : २ × १८ या गुणाकाराला ६ ने भाग जातो, पण २ ला जात नाही आणि १८ लाही जात नाही, कारण त्यासाठी लागणारा ३ या जगात नाही.

यानंतर १ ला मूळ का म्हणत नाहीत हेही वेगळं सांगावं लागलं नाही. १ मूळ मानली तर ६ = २ × ३ = १ × २ × ३ = १ × १ × २ × ३, असं कितीही लांबवता येईल आणि एकमेवपणा हातचा जाईल. हा निर्णय सोयीचा आहे, आणि तसा तो उघड सांगावा. गोल्डबाखने १७४२ मध्ये ऑयलरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात १ ला मूळ संख्यांतच धरलं होतं.

एकमेवपणा पटला की विभाजकांची यादी वेगळी शोधावी लागत नाही. ३६० मध्ये २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा. कुठल्याही विभाजकात २ शून्य ते तीन वेळा असणार, म्हणजे चार पर्याय. ३ चे तीन, ५ चे दोन. ४ × ३ × २ = २४ विभाजक. आधी एकदा ३६० चे विभाजक लिहिताना त्याने २४, ४० आणि ४५ सोडले होते. या वेळी बारा जोड्या पूर्ण आल्या, शेवटची १८ × २०.

युक्लिडचा आडमार्ग

आता एक प्रश्न शिक्षकांसाठी. या गणिताला मूळ अवयवांची गरज होती का?

नव्हती. मसावि काढायची भागाकार पद्धत, जी युक्लिडचीच, त्याच पाठ्यक्रमात असते. ३२३ ला २२१ ने भागा, बाकी १०२. २२१ ला १०२ ने भागा, बाकी १७. १०२ ला १७ ने भागा, बाकी ० . मसावि १७. तीन भागाकार, आणि कुठली संख्या मूळ आहे हे विचारलंही नाही. शिवाय २२१ ला १७ ने भागलं की १३, ३२३ ला भागलं की १९. जे अवयव शोधताना मुलगा अडकला होता ते दोन्ही संख्यांचे एका फटक्यात बाहेर आले.

संख्या मोठ्या होतात तेव्हा हा फरक अफाट वाढतो. गाब्रिएल लामेने १८४४ मध्ये दाखवलं की युक्लिडच्या पद्धतीत लागणारे भागाकार लहान संख्येच्या अंकांच्या पाचपटीपेक्षा जास्त कधीच नसतात. म्हणजे सहाशे अंकी दोन संख्यांचा मसावि काढायला फार तर तीन हजार भागाकार. संगणकाला ते काहीच नाही. याउलट दोन मोठ्या मूळ संख्यांचा सहाशे अंकी गुणाकार फोडायची झटपट रीत आजच्या संगणकांसाठी कोणाला सापडलेली नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत याच फरकावर उभी आहे. त्यांनी त्या वर्षी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली. २५० अंकी आव्हान-संख्या २०२० मध्ये, तीही पुष्कळ संगणक दीर्घकाळ राबवून.

आणि इथे या मुलाच्या अपूर्णांकाशी हुबेहूब जुळणारी एक घटना आहे. आरएसएची सार्वजनिक किल्ली, म्हणजे संदेश गुप्त करायला सगळ्यांना उघड दिलेली संख्या, दोन गुप्त मूळ संख्यांचा गुणाकार असते. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन स्वतंत्र गटांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या. एकही किल्ली फोडायचा प्रयत्न न करता त्यांनी किल्ल्यांचे आपसांतले मसावि काढले. बहुतेकांचा मसावि १ आला. पण हजारो किल्ल्यांच्या बाबतीत तो १ नव्हता : दोन वेगळ्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक होती. तसं झालं की दोन्ही किल्ल्या लगेच उघड्या पडतात, २२१ आणि ३२३ मधला १७ सापडल्यावर १३ आणि १९ पडले तशाच. कारण साधं होतं. राऊटरसारखी छोटी उपकरणं सुरू होताच किल्ली बनवायची, आणि तेव्हा त्यांच्याकडे पुरेशी यादृच्छिकता, म्हणजे कोणाला अंदाज न येणारे स्वैर आकडे, नसायची. म्हणून वेगवेगळ्या उपकरणांनी तीच मूळ संख्या निवडली. त्या किल्ल्या एकेकट्या पाहिल्या तर अभेद्य होत्या.

मग अतिसंक्षिप्त रूपासाठी भागाकार पद्धतच शिकवावी आणि अवयव सोडून द्यावेत का? माझं मत नाही. भागाकार पद्धत उत्तर देते, पण ३६० च्या पोटात काय आहे हे तिने कळत नाही. तरीही ज्या मुलाला अवयव दिसत नाहीत त्याच्या हाती ती आधी द्यावी, आणि १७ मिळाल्यावर ‘आता सांग, २२१ मूळ होती का?’ हा प्रश्न विचारावा. या प्रकरणात क्रम उलटा झाला. मुलगा अवयवांवर अडकला होता म्हणून तिथूनच सुरुवात करावी लागली.

नंतरची तपासणी

काही दिवस मधे जाऊ देऊन त्याला ४३७/५५१ दिली, आणि ३९७ मूळ आहे का ते विचारलं. अपूर्णांकात त्याने ४३७ साठी २१ चा वर्ग ४४१ घेतला, ४ वजा केले, १९ × २३ लिहिलं. मग ५५१ ला थेट १९ ने भागलं, २९ आले. उत्तर २३/२९. त्याने ५५१ चे अवयव मुळापासून शोधले नाहीत. १९ किंवा २३ सामाईक नसेल तर मसावि १ च, हे त्याने न सांगता ओळखलं होतं. ३९७ खाली लिहिलं होतं, ‘वीसचा वर्ग ४००, म्हणून १९ पर्यंत’, आणि त्याखाली आठ भाजक : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. चार, सहा, नऊ गायब. मूळ.

एक गोष्ट सुटली नाही. १३९४ चे मूळ अवयव पाडताना त्याने २ ने भागून ६९७ मिळवले, १७ ने भागून ४१. इथे थांबायला हवं होतं : ४१ साठी ६ पर्यंत पाहणं पुरतं आणि ते केव्हाच पाहून झालं होतं. पण त्याने सुरुवातीला ‘३७ चा वर्ग १३६९, म्हणून ३७ पर्यंत’ असं लिहून ठेवलेलं होतं, आणि तो इमानेइतबारे ४१ ला १९, २३, २९, ३१, ३७ ने भागत राहिला. उत्तर बरोबर, मेहनत वाया. थांबण्याची जागा सुरुवातीच्या संख्येवरून एकदाच ठरत नाही; प्रत्येक भागाकारानंतर उरलेल्या संख्येवरून ती पुन्हा खाली येते. हे त्याला सांगितलं, त्याने मान हलवली, आणि पुढच्याच उदाहरणात पुन्हा शेवटपर्यंत गेला. चूक होत नसल्यामुळे त्याला बदलायची निकड वाटत नाही. याला उपाय म्हणून मोठ्या संख्या द्याव्या लागतील, जिथे वाया जाणारी मेहनत खरोखर जाचेल. ९९९९०, उदाहरणार्थ, जिथे २ आणि ५ काढल्यावर ९९९९ उरतात, ३ दोनदा काढल्यावर ११११, ११ ने १०१, आणि सुरुवातीची हद्द ३१६ होती.

ज्यांना आपल्या वर्गात हीच तपासणी करायची असेल त्यांनी संख्या निवडताना एवढं पाहावं की ‘अकरापर्यंत’ या नियमाने बरोबर आणि चूक अशी दोन्ही प्रकारची उत्तरं येतील. २२१, २४७, २९९ आणि ३२३ बरोबर १७३, २२३, २६३ आणि ३९७ मिसळा, आणि मूळ की संयुक्त याच्या शेजारी ‘कितीपर्यंत पाहिलं आणि तिथेच का थांबलात’ यासाठी एक रकाना ठेवा. गुण त्या रकान्याला द्या.